कंडक्टरबाईंची कोंबडी

दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागायचं. कुलूप म्हणजे कडीला बांधलेली सुतळी. आत चोरण्यासारखं काही नव्हतंच. आईबाप वीटभट्टीवर जायचे, भिवंडीच्या बाजूला, आणि होळीला परत यायचे. जामसरजवळच्या आमच्या पाड्यात ज्यांच्याकडे भाताचं शेत होतं ते मागं राहायचे. आमच्याकडे नव्हतं. मी आश्रमशाळेत राहिले म्हणून शिकले. सुट्टीत भट्टीवर जायचे तेव्हा तीन दगडांच्या चुलीवरचा भात आणि त्यावर सुकटीचं पाणी, एवढं जेवण. कधी भात करपलेला, कधी पाणी नुसतं खारट. एकदा मी तोंड वाकडं केलं तर आईनं पुढची ताटली ओढून घेतली.

"घासाला नावं ठेवायची नाय," ती म्हणाली. "ज्याला दुसरा घास आहे त्यानं ठेवावी."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला जेवण मिळालं नाही. तेव्हापासून कुणाच्याही घरचं काहीही खाल्लं तरी "छान झालंय" म्हणायला मी शिकले. या दोन शब्दांपायी पुढं जव्हारमध्ये एका बाईंचं घर बंद व्हायची वेळ आली, म्हणून हे आधी सांगितलं.

त्या बाई एसटीत कंडक्टर होत्या. नवरा ड्रायव्हर होता. तो गेल्यावर त्यांना महामंडळानं नोकरी दिली. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते जव्हारच्या गाडीत. मी तिसरीत असेन. आई बाजाराला कोंबडा विकायला निघाली होती आणि मी तिला चिकटून बसले होते.

"कोंबड्याचं अर्धं तिकीट," बाई म्हणाल्या.

"तो कुठं शिटावर बसलाय? माझ्या मांडीवर आहे," आई म्हणाली.

"मांडीवरचं पोर लहान असेल तरच फुकट. याचं वय सांग."

आईनं कोंबड्याकडं नीट पाहिलं. "दीड वरस."

सगळी गाडी हसली. बाई हसल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या, "मग बस. पण आरवला तर अर्धं लागेल."

जव्हार येईपर्यंत मी त्या कोंबड्याची चोच मुठीत धरून बसले होते.

बारावीनंतर मी जव्हारच्या कॉलेजात नाव घातलं, पण वसतिगृहाच्या यादीत माझा नंबर आला नाही. कुणीतरी म्हणालं, डेपोमागं एक रिटायर कंडक्टरबाई राहते, खोली रिकामी आहे, पण बाई जरा चक्रम आहे. मी गेले. दार उघडून बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "जामसर. कोंबडा."

दहा वर्षांत हजारो माणसं त्यांच्या गाडीतून उतरली असतील.

"त्याचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"विकला."

"आरवला नाही बिचारा," त्या म्हणाल्या आणि दारातून बाजूला झाल्या. "आत सरा. आत जागा आहे."

हे त्यांचं रोजचं वाक्य होतं. घरात एकटा पाहुणा आला तरी "आत सरा". बाहेरच्या खोलीत सोफ्याऐवजी भंगारात निघालेल्या एसटीची दोन बाकडी होती, हिरव्या रेक्झिनची. एकावर 'स्त्रियांसाठी राखीव' असं लिहिलेलं होतं आणि बाई तो नियम पाळायच्या. मीटर बघायला येणारा माणूस तिथं टेकला तर त्याला उठवत. स्वतः दाराजवळ एका खुर्चीवर आडव्या बसत, एक पाय बाहेर काढून. घरभर त्यांनी एक दोरी फिरवली होती. तिच्या टोकाला जुनी घंटी. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की नीघ. मी सकाळी कॉलेजला उशीर करत बसले की दोनदा वाजायची.

त्यांचं दुसरं वाक्य असं होतं: "बोलायचं ते डबल बेलच्या आधी बोल. गाडी सुटल्यावर ओरडून उपयोग नाही."

खोली देताना त्यांनी एकच अट घातली. "रविवारी दुपारी माझ्याकडं जेवायचं. मी विचारेन त्याचं उत्तर द्यायचं. बाकी तू काय करतेस ते मी विचारणार नाही."

गावातल्या कितीतरी घरांत आमच्या लोकांना ओसरीच्या पुढं येऊ देत नाहीत. कामाला गेलं तर पाणी वरून ओततात. या बाईंनी पहिल्याच रविवारी माझं ताट त्यांच्या ताटाला लावून मांडलं. मी ताटाकडं पाहतच बसले. मग ताटात काय आहे ते पाहिलं आणि आणखी हबकले. लालभडक, चकचकीत, चिकट कोंबडी होती. वरून तीळ. रस्सा नाही, भाकरी नाही, बाजूला नुसता मऊ भात.

"हे काय आहे बाई?"

"कोरियन," बाई म्हणाल्या. "पुढं चीन. मग बघू, थायलंडपण करू."

रिटायर झाल्यावर बाईंना मोबाइलवर कोरियन मालिकांचं वेड लागलं होतं. हिंदीत बोलणारे कोरियन लोक दिवसभर त्यांच्या घरात रडत असत. बाईंना त्यांचं रडणं नको असायचं, जेवण हवं असायचं. जेवणाचं दृश्य आलं की त्या पुन्हा पुन्हा मागं नेऊन बघत. "घास तोंडात गेला की त्यांचे डोळे कसे मिटतात बघ," म्हणत. "आपल्याकडं जेवताना कोण डोळे मिटतं? मला तसं एकदा बघायचंय, समोर."

बाईंच्या घरात गॅस नव्हता. मला वाटायचं, हाही एक विक्षिप्तपणा. भात कुकरमध्ये, विजेच्या शेगडीवर. आणि कोंबडी एअर फ्रायरमध्ये. तो त्यांच्या लेकीनं नाशिकहून पाठवला होता. बाई त्याला गाडी म्हणत. कोंबडीच्या तुकड्यांना मीठ, आलं-लसूण आणि सोया सॉस लावून ठेवायचा. मग कोरड्या पिठात घोळवायचे. मोबाइलवरची बाई मक्याचं पीठ सांगायची, आमच्या बाई नागलीचं वापरायच्या, कारण घरात तेच होतं. तुकडे टोपलीत सुटे सुटे मांडायचे. "खेटून नको, उभ्यानं प्रवास नको," त्या म्हणत. टोपली आत सरकवायची, एकशे ऐंशीवर बारा मिनिटं, आणि उलथन्यानं ओट्यावर दोनदा टण टण. गाडी सुटली. सहा मिनिटांनी टोपली काढून तुकडे उलटे करायचे, अर्धी वाट झाली म्हणून त्याला त्या मोखाडा स्टॉप म्हणत. तोवर शेगडीवर सॉस आटवायचा: सोया, लाल मिरचीचा सॉस, गूळ, व्हिनेगर, पुन्हा चवीला मीठ. कोंबडी कुरकुरीत होऊन बाहेर आली की त्या सॉसमध्ये झटकन घोळवायची. काम संपलं की ते यंत्र एकदाच टिंग करायचं. बाई म्हणायच्या, "सिंगल बेल. उतरा."

बऱ्याचदा मोखाडा स्टॉपलाच लाइट जायची. मग बाई टोपलीकडं बघत बसत आणि म्हणत, "ब्रेकडाउन. दुसरी गाडी येईपर्यंत सगळ्यांनी सावलीत थांबा." दुसरी गाडी म्हणजे लाइट.

जेवायला बसल्यावर त्या खात नसत, माझ्याकडं बघत. मी घास तोंडात घातला की विचारणं सुरू.

"मीठ?"

"बरोबर."

"तिखट?"

"बरोबर."

"गोड जास्त नाही ना?"

"नाही. छान झालंय."

मग त्या स्वतः खायला लागत. मी जेवण झाल्यावर खोलीत जाऊन दोन तांबे पाणी प्यायचे. ती कोंबडी खारट असायची. थोडी नाही, सुकटीच्या पाण्यासारखी. पण मी कोण सांगणारी? भाताच्या बाजूला कोंबडी वाढणारं ते जव्हारमधलं माझं एकमेव घर होतं. घासाला नावं ठेवली आणि बाईंनी ताट ओढलं तर? ताटाबरोबर खोलीही जाईल. अशी दोन वर्षं मी "बरोबर" म्हटलं.

आता मागं पाहिलं की वाटतं, मला कळायला हवं होतं. एकदा बाईंनी घाईत सॉस आधीच लावून तुकडे यंत्रात टाकले. गूळ जळला आणि असा वास सुटला की मी पुस्तक टाकून धावत आले. स्वयंपाकघर धुरानं भरलेलं आणि बाई बाहेरच्या बाकड्यावर बसून मालिका बघत होत्या.

"बाई, जळतंय सगळं."

त्या शांतपणे उठल्या. "असं होय," म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच काहीतरी आलं होतं. मला वाटलं, कोंबडी गेली म्हणून.

आणि याच बाई नोकरीत असताना पिशवीच्या नुसत्या वासावरून आत काय आहे ते सांगायच्या, असं डेपोतले लोक अजून सांगतात. पिशवी न उघडता सुकटीला सामानाचं तिकीट फाडणारी ही एकच कंडक्टर. कुणी मोहाची पिऊन चढला तर पायरीवरच ओळखून खाली उतरवायच्या.

माझं तिसरं वर्ष चालू होतं. संक्रांतीच्या आधी बाई म्हणाल्या, "रविवारी लेक येतेय. मला नाशिकला न्यायचं म्हणतेय कायमचं. म्हणते, एकटी राहू नको. हे घर विकून टाक म्हणते." जरा थांबून म्हणाल्या, "मी व्यवस्थित राहते, नीट रांधून खाते, हे तिला दिसलं तर गप्प बसेल. नाहीतर मी गेले. आणि तूपण."

माझी परीक्षा एप्रिलमध्ये होती. आईबाप भट्टीवर. दुसरी खोली मिळायची नाही, हे मी जव्हारमध्ये दोन वर्षं राहून शिकले होते.

रविवारी ताई आल्या. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, हसऱ्या. येताना त्यांनी तिळगूळ आणला होता. घर पाहून त्या खूश दिसल्या. बाईंनी दुप्पट कोंबडी केली. या वेळी पहिला तुकडा त्यांनीच माझ्या तोंडात घातला. "मीठ?"

जीभ भाजल्यासारखी झाली. कोंबडी दुप्पट होती, पण मीठ चौपट पडलं होतं.

"बरोबर," मी म्हटलं.

ताईंनी एक घास खाल्ला आणि हळूच ताटात काढून ठेवला. पाणी प्यायल्या. मग आईकडं पाहून म्हणाल्या, "आई, तुझं नाक अजून आलं नाही ना परत?"

बाई भात वाढायला लागल्या.

"जीभपण नाही. तू मला फोनवर सांगितलंस, सगळं आलं परत. कोविडला किती दिवस झाले? गॅस चालू राहून घर भरलं होतं आणि तुला कळलं नव्हतं, म्हणून तर सिलिंडर काढला. हे यंत्र म्हणून पाठवलं. आणि तू दोन वर्षं हे असलं मीठ खातेस? डॉक्टरांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या वाढवल्या त्या कशामुळं?"

मी हातातला घास धरून तशीच बसले. त्या गोळ्या मी रोज सकाळी बघायचे. पाण्याच्या भांड्याशेजारी असायच्या. दोन वर्षं बाईंना कोंबडीची चव कळत नव्हती. जिभेवर मीठ ठेवलं काय आणि वाळू ठेवली काय, त्यांना सारखंच होतं. त्या माझ्या जिभेनं रांधत होत्या. आणि माझी जीभ खोटं बोलत होती.

बाई माझ्याकडं वळल्या. रागानं नाही. गाडीत खोटी नोट सापडल्यावर माणूस जसा नोट उलटसुलट करून बघतो, तसं त्यांनी मला पाहिलं. "तू 'बरोबर' म्हणालीस," एवढंच म्हणाल्या.

ताई जाताना दारात थांबल्या. "पाडव्याला टेम्पो घेऊन येते आई. सामान आवरून ठेव."

त्यानंतर चार दिवस घंटी वाजली नाही. मी आपणहून उठत होते, आपणहून जात होते. पाचव्या दिवशी कॉलेजातून आले तर दोरी एकदा ओढली गेली. मी जाऊन बाईंसमोर उभी राहिले.

"बस," त्या म्हणाल्या. "राखीववर बस. आता पहिल्यापासून सांग."

"काय?"

"पहिला रविवार. कसं होतं?"

मी सांगितलं. खारट. दुसरा? खारट आणि पीठ आतून कच्चं. चीनची? त्यात व्हिनेगर इतकं की डोळ्यांत पाणी आलं होतं. "मला वाटलं तुला आवडलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं," बाई म्हणाल्या. मला आठवतील तेवढे रविवार मी सांगितले. सांगताना मला रडू येत होतं आणि बाई मान हलवत होत्या, डेपोत दुसऱ्याचा रिपोर्ट ऐकावा तशा.

"तुम्ही मला सांगितलं का नाही, चव कळत नाही म्हणून?" मी शेवटी विचारलं.

"कंडक्टरनं सांगायचं असतं का, मला तिकिटावरचं दिसत नाही म्हणून?" त्या म्हणाल्या. "गाडीच काढून घेतात मग. आणि तू का नाही सांगितलंस?"

"आई म्हणते, घासाला नावं ठेवायची नाय."

बाईंनी हातातली दोरी सोडली. "तुझी आई शहाणी आहे," म्हणाल्या. "मग आता मी काय करू?"

होळीला आई भट्टीवरून आली आणि मला भेटायला जव्हारला आली. काखेत कोंबडा. बाई दारात उभ्या होत्या.

"याचं तिकीट काढलंस का?" बाईंनी विचारलं.

"आरवला नाय," आई म्हणाली.

त्या दोघींनी एकमेकींना तेवढ्यावरच ओळखलं. मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल बरं केलंस, रीत पाळलीस. ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी दुसऱ्याच कुणाची पोर आहे.

"रांधणारीनं इचारला तर सांगायचा नाय, असा कोनी शिकवला तुला?"

"तूच ताटली ओढली होतीस."

"ताटात वाढल्यावर नावं नाय ठेवायची. चुलीवर असताना नाय सांगायचा तर कवा सांगायचा? भट्टीवर आम्ही बाया एकमेकींच्या टोपातला चाखतो ना. मीठ कमी, पानी जास्ती, असा सांगतो. नाय सांगितला तर सगळ्यांचाच जेवान जातो. तू खातानाच बघलास, रांधताना कवा आलीस चुलीपाशी?"

बाई तिकडून म्हणाल्या, "मी हेच सांगत होते. डबल बेलच्या आधी."

मला त्या दिवशी जितका धक्का बसला तितका ताईंच्या बोलण्यानंही बसला नव्हता. पंधरा वर्षं मी आईचं एक वाक्य पाळत होते, आणि तेही अर्धंच.

आईनं तो कोंबडा बाईंना दिला. बाईंनी तो कापून नेहमीप्रमाणे थेट यंत्रात घातला. बारा मिनिटांनी आईनं एक तुकडा चावला, चावत राहिली, आणि म्हणाली, "टायर झाला." गावठी कोंबडा, त्याला आधी पाण्यात शिजू द्यावं लागतं, हे आईला न विचारता कळत होतं. बाईंना दुकानातल्या कोंबडीची सवय. उरलेला कोंबडा कुकरमध्ये गेला. मोहाची फुलं तेव्हा पडायला लागली होती. आईनं पदरात आणलेली मूठभर फुलं उकळून, गाळून पाक केला आणि म्हणाली, गूळ जळतो ना, मग सॉसात हा टाका. मीठ तिनं बाईंच्या हातून काढूनच घेतलं. "तुमच्या त्या काळ्या पान्यात मीठ आहेच," सोया सॉसच्या बाटलीकडं बोट दाखवून म्हणाली. दोन वर्षांत हे ना बाईंनी मोबाइलमधून पकडलं होतं ना मी, केमिस्ट्री शिकणाऱ्या पोरीनं.

पुढचे दोन रविवार आम्ही तेच केलं. बाई विचारायच्या, मी सांगायचे. "आंबट कमी." "लसूण करपला." "आता आल्याची चव लागतेय, छान." सुरुवातीला खरं सांगताना मी भांड्याकडं बघून बोलायचे. दुसऱ्या रविवारी मी न विचारताच म्हणाले, "बाई, हे टाकून द्या, परत करू." बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मला राखीव सीटवर पाय वर घेऊन बसू दिलं.

पाडव्याला ताई टेम्पो घेऊन आल्या. ड्रायव्हर बाहेर उभा. बाईंनी सामान आवरलंच नव्हतं. ताई काही बोलणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आधी जेव. मग काय बोलायचं ते बोल." आणि मग, मला अपेक्षा नव्हती, त्या म्हणाल्या, "मला चव येत नाही. वास येत नाही. येणारही नाही बहुतेक. पण ही आहे, ही चाखते. ही गेली की दुसरी पोरगी ठेवीन. मिठाला मी आता हात लावत नाही."

मी स्वयंपाकघरातून चाखून वाढलं होतं. ताईंनी पहिला घास घेतला. दुसरा घेताना त्यांचे डोळे मिटले. बाई समोर, दाराजवळच्या खुर्चीवर, एक पाय बाहेर काढून बसल्या होत्या आणि नुसत्या बघत होत्या. मालिकेत दृश्य मागं नेऊन बघायच्या, तशा.

ताईंनी परत वाढून घेतलं. मग टेम्पोवाल्यालाही आत बोलावलं. तो राखीव बाकड्यावर बसायला गेला आणि बाईंनी त्याला उठवलं. तो उभ्यानंच जेवला. भांड्यात एक तुकडा उरला नाही.

हात धुतल्यावर ताई बराच वेळ घरात फिरल्या, दोरी बघितली, गोळ्यांचा डबा बघितला. मग दारात जाऊन ड्रायव्हरला म्हणाल्या, "तू जा. काही न्यायचं नाहीये."

बाईंनी दोरी दोनदा ओढली.

मी परीक्षा त्याच खोलीतून दिली. माझ्यानंतर तिथं मोखाड्याची एक मुलगी आली. तिला मी पहिल्याच दिवशी चुलीपाशी नेऊन उभं केलं आणि आईचं पूर्ण वाक्य सांगितलं. बाईंच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या आता कमी झाल्या आहेत आणि त्या अजून डेपोमागच्या त्याच घरात राहतात. मी बी.एस्सी. झाले. आमच्या पाड्यातली पहिली.